अ‍ॅरिझोना ट्रेल : वाळवंटातल्या डोंगरवाटेवरचे पाहण्याजोगे टप्पे

पायवाट (जळगाव)

मंडळी, नमस्कार.

पाटणादेवी, पाल, तोरणमाळ आणि अस्तंबा इथल्या वाटा आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालच्या आहेत. परदेशातल्या लांब पल्ल्याच्या वाटांचा विषय निघाला की मात्र चर्चा हिमशिखरांकडे आणि सूचिपर्णी जंगलांकडे वळते. कोरडे डोंगर आणि रखरखीत ऊन पाहतच मोठ्या झालेल्या माणसाला मनापासून भावेल अशी एक वाट अमेरिकेच्या नैर्ऋत्येला आहे, आणि तिच्याविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. मुलाच्या नोकरीमुळे टूसॉन शहरात माझे राहणे झाले आणि त्या निमित्ताने अ‍ॅरिझोना ट्रेलचे दक्षिणेकडचे बरेचसे आणि उत्तरेकडचे काही टप्पे मला चालता आले. पूर्ण वाट चाललेले किंवा त्या भागात राहणारे कोणी इथे असतील, तर त्यांनी जरूर भर घालावी.

ही वाट अ‍ॅरिझोना राज्याच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेवरच्या १०२ क्रमांकाच्या सीमास्तंभापाशी सुरू होते आणि संपूर्ण राज्य ओलांडून उत्तरेला युटाच्या सीमेवर संपते. एकूण लांबी सुमारे १,२९० किलोमीटर असून तिचे ४३ टप्पे पाडलेले आहेत. फ्लॅगस्टाफ गावचे शिक्षक डेल श्यूवॉल्टर १९८५ साली नोगालेसपासून युटापर्यंत स्वतः पायी गेले, जुन्या गुरवाटा, खाणवाटा आणि वनखात्याच्या वाटा एकमेकींना जोडता येतील अशी त्यांची खात्री पटली आणि पुढची कित्येक वर्षे त्यांनी गावोगावी जाऊन ही कल्पना लोकांच्या गळी उतरवली. २००९ मध्ये या वाटेला राष्ट्रीय निसर्गवाटेचा दर्जा मिळाला. गिला नदीच्या खोऱ्यातला शेवटचा तुकडा २०११ च्या डिसेंबरात जोडला गेला, पण तो पाहायला श्यूवॉल्टर नव्हते. त्याच्या आदल्याच वर्षी ते गेले होते. एका शाळामास्तराने चालून पाहिलेली वाट आज हजारो लोक चालतात, याचे मला फार अप्रूप वाटते.

वाळवंट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्या येतात. सोनोरन वाळवंट तसे नाही. टूसॉनला वर्षाला साधारण तीनशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे धुळ्याच्या निम्म्याच्या आसपास, पण तो दोन हंगामांत विभागून येतो: एक हिवाळ्यात हलका आणि दुसरा जुलै ते सप्टेंबर गडगडाटी. त्यामुळे काटेरी का होईना, पण झाडोरा भरपूर असतो. या सपाट वाळवंटातून अधूनमधून एकेक डोंगररांग एकदम वर उठते, आणि तिथे पायथ्याचा निवडुंग सोडून आपण माथ्यावरच्या पाइन आणि फरच्या सावलीत पोचतो. दोन रांगांच्या मध्ये पुन्हा तापलेले सपाट रान. माथ्यावरच्या झाडांना आणि प्राण्यांना हे मधले रान समुद्रासारखेच अडवते, म्हणून या रांगांना तिथे आकाशबेटे म्हणतात. हुआचुका, सांता रिटा, रिंकॉन आणि सांता कॅटालिना अशी चार आकाशबेटे ही वाट एकामागून एक ओलांडते. माझ्या मते या वाटेचे सगळ्यात मोठे वैशिष्ट्य हेच चढणे-उतरणे आहे, आणि जे लोक केवळ ग्रँड कॅन्यन पाहून परततात त्यांच्या हातून या वाटेचा गाभाच निसटतो.

सुरुवात हुआचुका रांगेपासून होते. दोन हजार मीटर उंचीच्या मॉन्टेझुमा खिंडीतून वाट थेट वर चढते आणि मिलर शिखराच्या खांद्यावरून जाते. मुख्य वाटेपासून थोडे बाजूला गेले की २,८८५ मीटरचा माथा लागतो आणि तिथून दक्षिणेला मेक्सिकोचा मुलूख दूरवर पसरलेला दिसतो. काही वर्षी मार्चमध्येही इथे सावलीच्या बाजूला बर्फ असतो.

चारही रांगांत माझा जीव जडला तो रिंकॉनवर. सागुआरो राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून वाट वर जाते. रिंकॉन ओढ्यापाशी, हजारभर मीटर उंचीवर, सभोवती सागुआरो निवडुंगांचे उंच खांब उभे असतात. तास-दीड तास चढले की ते विरळ होतात आणि गवताळ उतार लागतो, मग ओक आणि जुनिपरची बुटकी झाडे, नंतर मँझानिटाची गुळगुळीत लाल खोडे, आणि अखेरीस पाँडेरोसा पाइनचे गार रान. मॅनिंग कॅम्प नावाची, १९०५ मध्ये उन्हाळी निवासासाठी बांधलेली लाकडी वास्तू सुमारे २,४०० मीटरवर आहे आणि तिच्याजवळ मुक्कामाची जागा आहे. पाँडेरोसाच्या सालीच्या भेगेला नाक लावले तर व्हॅनिलासारखा गोडसर वास येतो. सकाळचे ऊन सालीवर पडल्यानंतर तो जास्त जाणवतो. तोरणमाळला चढताना झाडी बदलत जाते हे आपण पाहतो, पण तिथे एकूण उंचीच अकराशे मीटरांच्या थोडी वर आहे. रिंकॉनमध्ये सुमारे दीड हजार मीटरांचा फरक एकाच सलग चढात अनुभवायला मिळतो.

पुढच्या कॅटालिना रांगेत रोमेरो खिंडीचा चढ आणि त्यानंतरचे प्रचंड गोट्यांचे रान हा अवघड पण विलक्षण देखणा भाग आहे. तो पार केला की समरहेवन हे डोंगरावरचे छोटे गाव लागते. २००३ च्या वणव्यात हे गाव मोठ्या प्रमाणावर जळाले आणि पुन्हा उभे राहिले. २०२० च्या बिगहॉर्न वणव्यात या रांगेतला जवळजवळ १,२०,००० एकरांचा पट्टा पोळला. जळक्या बुंध्यांच्या मधून चालावे लागते हे आधीच सांगून ठेवतो. हिरव्यागार छायाचित्रांवर विसंबून जाणाऱ्याची तिथे निराशा होते, आणि त्या राखेतून वर येणारे ओकचे कोंब पाहणाऱ्याला मात्र बरेच काही मिळते.

भटक्या (धुळे)

पायवाटभाऊ, उत्तम धागा. वाचताना सारखा एकच प्रश्न मनात येत होता, म्हणून लगेच विचारतो. मार्च संपता संपता लळिंगच्या कुरणात दुपारी अकरानंतर चालणे जिकिरीचे होते आणि एप्रिल-मेमध्ये तर आपण सातमाळ्याकडे फिरकतही नाही. तिथे हजार किलोमीटरांहून लांब वाट लोक कोणत्या महिन्यांत चालतात? आणि नद्या कोरड्या असताना पाणी कुठून आणतात? आपल्याकडे निदान गडावर खोदीव टाकी असतात, वाडीत विहीर असते.

पायवाट (जळगाव)

भाऊ, नेमक्या मुद्द्याला हात घातलात. या वाटेचे सगळे नियोजन पाण्याभोवती फिरते.

हंगाम दोन आहेत. दक्षिणेकडून उत्तरेला जाणारे मार्चमध्ये किंवा एप्रिलच्या आरंभी निघतात, म्हणजे दक्षिणेचे वाळवंट तापण्याआधी मागे पडते आणि उत्तरेच्या कायबाब पठारावरचे बर्फ वितळेपर्यंत मे उजाडतो. उलट दिशेने येणारे सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये निघतात. जून ते ऑगस्ट वाळवंटातले टप्पे वर्ज्यच समजावेत. फिनिक्स शहरात २०२३ च्या जूनअखेरीपासून सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला होता. आपल्याला भुसावळचा मे महिना माहीत आहे, पण त्या मेमध्ये पाठीवर पंधरा किलो घेऊन आपण दिवसभर चालत नाही, आणि उन्हाची सवय असणे म्हणजे उन्हापासून संरक्षण असणे नव्हे.

पाण्याचे म्हणाल, तर ओढे आणि झरे आहेत, पण त्यांचा भरवसा ऋतूवर आणि त्या वर्षीच्या पावसावर. बऱ्याच टप्प्यांत आधार असतो तो गुरांच्या पाण्याचा. मोठ्या पशुपालकांच्या रानांतून वाट जाते, तिथे पवनचक्की किंवा सौर पंपाने उपसलेले पाणी पत्र्याच्या गोल हाळात साठवलेले असते. हाळाच्या एका कोपऱ्यात तरंगत्या गोळ्याची तोटी असते. पाणी खाली गेले की गोळा खाली येतो आणि तोटी आपोआप सुरू होते. नशीब चांगले असेल तर त्या धारेखाली बाटली धरता येते. नाहीतर शेवाळाचा हिरवा साका हलक्या हाताने बाजूला सारायचा, काठावर बसलेल्या मधमाश्यांना धक्का न लावता बाटली कोपरापर्यंत आत बुडवायची, पाणी आधी फडक्यातून आणि मग फिल्टरच्या पिशवीतून दाबून काढायचे. गाळलेल्या पाण्यालाही गवताचा आणि गुरांचा थोडा वास राहतो. तहान लागलेली असते तेव्हा तो जाणवत नाही. कुठेकुठे रस्त्याच्या छेदाशी लोखंडी पेट्या ठेवलेल्या असतात, त्यांत चालणारे स्वतःसाठी आधी पाणी नेऊन ठेवतात आणि स्थानिक स्वयंसेवक इतरांसाठी भरून ठेवतात. आपल्याकडच्या पाणपोईची आठवण यावी असे हे काम आहे. मात्र अशा पेटीत पाणी असेलच असे धरून कधीही निघू नये.

अ‍ॅरिझोना ट्रेल असोसिएशन ही संस्था १९९४ पासून वाटेची देखभाल करते. कोणत्या पाणवठ्यावर कोणत्या तारखेला किती पाणी होते याच्या चालणाऱ्यांनी कळवलेल्या नोंदी ती संकेतस्थळावर ठेवते. रोजचा मुक्काम त्या नोंदी पाहून ठरतो. कोरड्या टप्प्यांत पाच-सहा लिटर पाणी पाठीवर घ्यावे लागते, म्हणजे तेवढेच किलो. आणि हो, गुरांच्या रानातली फाटके जशी आढळली तशीच ठेवायची, उघडी असेल तर उघडी, लावलेली असेल तर लावून. तिथल्या पशुपालकांचा या वाटेला असलेला पाठिंबा अशा शिस्तीवरच टिकून आहे.

वनस्पतीप्रेमी (शहादा)

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असे, म्हणून सागुआरोविषयी थोडे लिहिण्याचा मोह होतो.

आपल्या सातपुड्याच्या पायथ्याला कातळावर वाढणारा तीनधारी निवडुंग, ज्याचे पान किंवा फांदी मोडली की पांढरा चीक येतो, तो खरे तर निवडुंगाच्या अमेरिकन कुळातला नाही. तो एरंडाच्या कुळातला आहे. बांधावर दिसणारा फड्या निवडुंग मात्र खरा निवडुंग असून तो अमेरिकेतूनच इथे आला. कोरड्या हवेने दोन वेगवेगळ्या कुळांना जवळजवळ सारखेच रूप घ्यायला लावले, हे या वाटेवर चालणाऱ्याने ध्यानात ठेवले तर पाहण्याची गोडी वाढेल.

सागुआरो फक्त सोनोरन वाळवंटात आपोआप उगवतो. त्याची वाढ इतकी सावकाश असते की पहिल्या आठ वर्षांत रोप जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढे होते, आणि तेही बहुधा पालो वेर्दे किंवा मेस्कीटसारख्या दाईझाडाच्या सावलीत. पहिली फांदी, ज्याला तिथले लोक हात म्हणतात, फुटायला ५० ते ७५ वर्षे लागतात, आणि कोरड्या जागी शंभरीही गाठते. म्हणजे चार-पाच हात असलेले झाड तुम्ही पाहाल तेव्हा ते शतकापूर्वीचे आहे असे खुशाल समजा. खोडाच्या उभ्या चुण्या पावसानंतर फुगतात आणि दुष्काळात आक्रसतात. फुले रात्री उमलतात. वटवाघळे, पारवे आणि मधमाश्या परागीकरण करतात. खोडात सुतारपक्षी भोक पाडतो, झाड त्या जखमेभोवती टणक कवच तयार करते आणि सुतारपक्षी गेल्यानंतर तिथे चिमुकले एल्फ घुबड राहायला येते. जूनमध्ये लाल फळे पिकतात. तोहोनो ओओदम या तिथल्या आदिवासी समाजाचे नवे वर्ष या फळांच्या तोडणीने सुरू होते. मेलेल्या सागुआरोच्याच लांब काड्या बांधून केलेल्या आकडीने ते फळे पाडतात, पाक करतात आणि पावसाच्या आराधनेसाठी त्यांचे मद्य करतात. आपल्या पावरा आणि भिल्ल बांधवांचे मोहाच्या झाडाशी असलेले नाते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पायवाटभाऊंनी चोया या निवडुंगाबद्दल लिहिले नाही. त्याबद्दल अनुभव असल्यास सांगावा.

पायवाट (जळगाव)

सर, आपल्या प्रतिसादाने धाग्याची उंची वाढली. चोया हा निवडुंग लांबून पाहिला तर मऊ, लोकरी आणि सोनेरी दिसतो. त्याच्या फांद्यांचे पेर इतक्या सहज सुटतात की नुसता स्पर्श झाला तरी आख्खा पेर पायाला चिकटतो. काट्यांच्या टोकांना बारीक उलटी कुसे असल्याने ते हाताने ओढायला गेले तर बोटांत रुततात. म्हणून तिथले जुने जाणते सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात साधा केसांचा कंगवा ठेवतात. काट्यांच्या मुळाशी कंगव्याचे दात घालायचे आणि अंगापासून दूर झटका द्यायचा. पेर उडून पडतो, मागे राहिलेले काटे चिमट्याने काढायचे. सायंकाळी तंबू ठोकण्यापूर्वी जमीन टॉर्चने नीट पाहावी, कारण सुटलेले पेर वाऱ्याने कुठेही गेलेले असतात.

भुसावळकर (सध्या फिनिक्स)

धागा पाहून राहवले नाही. माझे बालपण तापीकाठी गेले आणि गेली अनेक वर्षे मी फिनिक्समध्ये आहे. मधल्या भागाविषयी भर घालतो, कारण टूसॉनकर आणि ग्रँड कॅन्यनवाले दोघेही त्याच्याकडे दुर्लक्ष करतात.

गिला नदीच्या काठचा भाग हा संपूर्ण वाटेवरचा सर्वांत खालचा, सुमारे सव्वापाचशे मीटरांचा. वसंतात, हिवाळी पाऊस चांगला झालेला असेल तर, इथले उतार पिवळ्या आणि जांभळ्या फुलांनी भरून जातात. त्यापुढे सुपीरियर गावाजवळून वाट सुपरस्टिशन रांगेत शिरते. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या खडकांचे सुळके, खोल घळी आणि त्यांच्या तळाशी सिकामोरची झाडे असा हा मुलूख आहे. मग वाट रूझवेल्ट जलाशयावरचा पोलादी कमानीचा पूल ओलांडते. शेजारचे रूझवेल्ट धरण १९११ मध्ये पूर्ण झाले आणि फिनिक्सच्या खोऱ्यातली शेती त्या पाण्यावर उभी राहिली. गिरणा आणि हतनूरच्या पाण्यावर आपले काय अवलंबून आहे हे माहीत असलेल्या माणसाला त्या पुलावर थांबावेसे वाटते.

पुलानंतर फोर पीक्स आणि मग मझात्झल रांग. ही या वाटेची सर्वांत एकाकी बाजू. वणव्यांमुळे सावली कमी झाली आहे, काटेरी झुडपे वाटेवर येतात आणि वस्ती फार दूर असते. २०२० च्या बुश वणव्याने फोर पीक्सच्या परिसरात फार मोठे क्षेत्र जाळले. नवख्यांनी हा भाग शेवटी ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. पाइन गावापुढे मोगोयोन कडा लागतो. सुमारे तीनशे किलोमीटर लांबीची ही कडेलोट भिंत चढून गेले की वाळवंट मागे राहते आणि पाँडेरोसा पाइनचे अफाट जंगल सुरू होते, ते थेट फ्लॅगस्टाफच्या पुढेपर्यंत. एल्क हरणांचे कळप इथे पहाटे दिसतात. फ्लॅगस्टाफ २,१०० मीटरवर आहे. १९३० मध्ये प्लूटोचा शोध याच गावातल्या लॉवेल वेधशाळेत लागला, आणि काळोखे आकाश जपणारे जगातले पहिले शहर म्हणून २००१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. इथला रात्रीचा मुक्काम चुकवू नका.

साप आणि विंचवांबद्दल कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. रॅटलस्नेक शेपटी वाजवून बहुतेकदा इशारा देतो. आपल्या फुरशांच्या मुलखात ज्या सवयी लागलेल्या असतात, म्हणजे पाऊल टाकण्यापूर्वी पाहणे आणि दगडाच्या फटीत हात न घालणे, त्याच तिथे उपयोगी पडतात. गिला मॉन्स्टर हा विषारी सरडा दिसला तर भाग्य समजावे, दुरून पाहावे. १९५२ पासून त्याला कायद्याचे संरक्षण आहे.

भूगोल शिक्षक (अमळनेर)

ग्रँड कॅन्यनचा विषय अजून बाजूलाच राहिला आहे, आणि पायवाटभाऊंच्या पहिल्या पोस्टमधला सूर मला पूर्णपणे मान्य नाही. लोक फक्त तेवढेच पाहून परततात हे खरे, पण पायी खाली उतरणारे त्यांतले फार थोडे. कड्यावरच्या कठड्याशी उभे राहून पाहणे आणि दक्षिण कड्यावरून उतरून, कोलोरॅडो नदी ओलांडून उत्तर कड्यावर चढणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आपण खान्देशात जो काळा कातळ पाहतो, अजिंठ्याची आणि पितळखोऱ्याची लेणी ज्यात कोरली आहेत, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. ग्रँड कॅन्यनच्या अगदी वरच्या थराचा, कायबाब चुनखडीचा काळ सुमारे २७ कोटी वर्षांचा. म्हणजे तिथे पहिले पाऊल टाकतानाच आपण आपल्या दख्खनच्या कातळापेक्षा वीस कोटी वर्षे जुन्या समुद्रतळावर असतो. पुढे प्रत्येक वळणाला खडक बदलतो: पांढुरका वालुकाश्म, तांबडा शेल, मग रेडवॉल चुनखडीचा उभा कडा, आणि नदीच्या अंतर्दरीत विष्णू शिस्ट हा काळपट, चकाकणारा, सुमारे १७० कोटी वर्षांचा खडक. विष्णूचे नाव तिथल्या खडकाला आहे हे विद्यार्थ्यांना सांगितले की वर्गात एकदम शांतता पसरते.

साउथ कायबाब वाट नदीपर्यंत सुमारे ११ किलोमीटर असून उतार जवळजवळ साडेचौदाशे मीटरांचा आहे, आणि तिच्यावर पाण्याचा थेंब नाही. ती सोंडेवरून जात असल्याने दोन्ही बाजू उघड्या असतात आणि सावलीही नाही. तळाशी १९२८ मध्ये बांधलेला काळा झुलता पूल आहे. त्याच्या मुख्य दोरखंडांपैकी प्रत्येकाचे वजन एक टनाहून अधिक होते आणि ४२ माणसांनी रांगेत तो खांद्यावर घेऊन ही वाट उतरली; त्यांतले बहुतेक हवासुपाई आदिवासी होते. पूल ओलांडताना माणसाने हे आठवावे. पलीकडून नॉर्थ कायबाब वाट सुमारे २२ किलोमीटर चढत उत्तर कड्यावर जाते.

पायवाट (जळगाव)

सर, आपला आक्षेप रास्त आहे. उतरून पार करण्याची गोष्ट असेल तर तो टप्पा इतर कोणत्याही टप्प्याच्या तोडीचा आहे. माझे म्हणणे एवढेच की आकाशबेटे चढून-उतरून तिथे पोचलेल्या माणसाला ही दरी उलटी ठेवलेली डोंगररांग आहे हे पायांनी कळते: तिथे गारव्याकडून तापाकडे उतरायचे असते आणि दमलेल्या अवस्थेत चढायचे असते. म्हणूनच उद्यानाचे रक्षक उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत उघड्या वाटेवर चालू नका असे बजावतात. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरावा.

अजून एक गोष्ट. ही वाट घोडेस्वारांना आणि सायकलस्वारांनाही खुली आहे, पण राखीव रानांतून सायकल चालवता येत नाही, त्यांनी वळसा घालून जायचे असते. ग्रँड कॅन्यनला वळसाच नाही. त्यामुळे तिथे सायकल सुटी करून पाठीवर बांधतात आणि चाक जमिनीला न टेकवता एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर नेतात.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

पायवाटदादा, तुम्हा सगळ्यांचे लिहिणे वाचून मन भरून आले. माझी लेक फिनिक्सला आहे आणि ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघे तिच्याकडे जाणार आहोत. वय साठीच्या पुढचे, गुडघे कुरकुरतात, पण पाटणादेवीला अजूनही दर श्रावणात चालत जातो. तंबू घेऊन मुक्काम करणे आता आमच्याने होणार नाही. सकाळी निघून संध्याकाळपर्यंत लेकीच्या घरी किंवा एखाद्या गावातल्या खोलीवर परतता येईल, असे या वाटेचे कोणते तुकडे आहेत? उगाच सोपे म्हणून सांगू नका, जे खरेच पाहण्यासारखे असेल ते सांगा.

भुसावळकर (सध्या फिनिक्स)

ताई, ऑक्टोबर म्हणजे अगदी योग्य वेळ साधलीत. फिनिक्सपासून शंभरेक किलोमीटरवर सुपीरियर गावाच्या अलीकडे पिकेटपोस्ट डोंगराचा पायथा आहे, तिथे ही वाट रस्त्याला येऊन मिळते. तिथून दक्षिणेकडे सागुआरोंच्या रानात हवे तितके चालावे आणि त्याच वाटेने परत यावे. चढ-उतार सौम्य आहेत. सकाळी लवकर जा, कारण महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात दुपार अजून कडक असते. जवळच बॉइस थॉम्पसन वनस्पती उद्यान आहे, १९२० च्या दशकातले. शहाद्याच्या सरांनी लिहिलेले बरेचसे निवडुंग तिथे बाकावर बसून पाहता येतील.

दुसरा तुकडा फ्लॅगस्टाफजवळचा. सॅन फ्रान्सिस्को शिखरांच्या पश्चिम उतारावर, स्नोबोल या स्कीच्या ठिकाणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ही वाट अ‍ॅस्पेनच्या राईतून जाते. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ती पाने सोन्यासारखी पिवळी होतात आणि जराशा झुळकेने थरथरतात. उंची अडीच हजार मीटरच्या आसपास असल्याने पहिल्या दिवशी दम लागेल, म्हणून गावात एक रात्र काढून मगच वर जावे. ही शिखरे नवाहो आणि होपी समाजांना पवित्र आहेत. आपण गडावर देवीच्या हद्दीत जसे वागतो तसेच तिथे वागावे.

भूगोल शिक्षक (अमळनेर)

ताई, तिसरा तुकडा माझ्याकडून. साउथ कायबाब वाटेने ऊ-आ पॉइंटपर्यंत उतरून परत या. जाऊन-येऊन तीन किलोमीटरांपेक्षा थोडे कमी अंतर आहे आणि उतार दोनशे मीटरांच्या आसपास. कायबाब चुनखडी आणि तिच्याखालचे दोन थर तेवढ्यात हाताने शिवून पाहता येतात, आणि दरी पूर्वेकडे एकदम उघडते. तब्येत उत्तम असेल तर आणखी खाली सीडर रिजपर्यंत जाता येईल, मात्र परतीचा सगळा चढ आहे हे लक्षात ठेवावे. दोन काठ्या आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका. दिवसाच्या चालण्याला वेगळा परवाना लागत नाही. दरीत रात्रीचा मुक्काम करायचा असेल तरच तो आधी घ्यावा लागतो.

भटक्या (धुळे)

परवान्याचा विषय निघाला म्हणून विचारतो. आम्ही चौघे पुढच्या वसंतात एखादा सलग तुकडा मुक्कामासह करण्याच्या विचारात आहोत. पूर्ण वाटेसाठी एकच परवाना असतो का? वाटेत शिधा कसा मिळतो? आणि उत्तर कडा सध्या खुला आहे का?

पायवाट (जळगाव)

भाऊ, पूर्ण वाटेचा एकच परवाना नाही आणि बहुतेक भाग राष्ट्रीय वनांतून जात असल्याने तिथे मुक्कामाला परवाना लागतही नाही. सागुआरो उद्यानातल्या रानातल्या मुक्कामासाठी आणि ग्रँड कॅन्यनच्या आतल्या मुक्कामासाठी तो आधी घ्यावा लागतो, आणि ग्रँड कॅन्यनचा मिळवायला महिनोन्‌महिने आधी अर्ज केलेला बरा. शिध्यासाठी पॅटागोनिया, समरहेवन, ओरॅकल, सुपीरियर, पाइन आणि फ्लॅगस्टाफ ही गावे सोयीची आहेत. लहान गावांत दुकानात हवे ते मिळेलच असे नाही, म्हणून बरेच जण आपल्या नावाचे खोके आधीच टपालाने पाठवून पोस्टात ठेवून घेतात. आपले बिबडे, भाजलेले शेंगदाणे आणि राजगिऱ्याच्या वड्या या हवेत उत्तम टिकतात; चपातीच्या जागी तिथला टॉर्टिया चालतो.

उत्तर कड्याबद्दल सावध राहा. २०२५ च्या जुलैतल्या ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात तिथले ऐतिहासिक लॉज जळून गेले आणि नॉर्थ कायबाब वाटही बंद करावी लागली. तिकिटे काढण्यापूर्वी उद्यानाची त्या दिवशीची सूचना स्वतः वाचा. तो भाग खुला असेल तर पुढचे कायबाब पठार अवश्य चाला: स्प्रूसची दाट राने, मधली गवताळ माळराने आणि फक्त त्याच पठारावर आढळणारी, काळ्या अंगाची व पांढऱ्या शेपटीची कायबाब खार. वाटेची सर्वांत जास्त उंची, सुमारे २,८०० मीटर, याच पठारावर आहे. तिथून उतरत गेले की पाइन संपतात आणि युटाच्या तांबड्या खडकांत वाट थांबते.

पहिल्यांदाच जाताय, तर माझा सल्ला रिंकॉन आणि कॅटालिना या दोन लागोपाठच्या रांगांचा. टूसॉनला उतरायचे, कोलोसल केव्हजवळून चालायला लागायचे, आणि रिंकॉन चढून-उतरून मोलिनोमार्गे कॅटालिनावर चढत समरहेवनला पोचायचे. मार्चच्या अखेरीस निघा म्हणजे माथ्यावरचे बर्फ बहुधा विरलेले असेल आणि खालचे ओढे अजून वाहते असतील. रात्रीच्या थंडीचे कपडे मात्र पुरेसे घ्या. पायथ्याशी तीस अंश असताना मॅनिंग कॅम्पला पहाटे पाणी गोठू शकते. तारखा ठरल्या की इथेच लिहा, पाणवठ्यांच्या नोंदी कशा वाचायच्या ते आपण त्या आठवड्यातल्या प्रत्यक्ष नोंदी समोर ठेवूनच पाहू.